पिशवीवरचं नाव

टक्. मार्करचं टोपण निघालं आणि स्वयंपाकघरातली पहाटेची शांतता मोडली. ग्रॉन्यानं डब्यावर नाव लिहिलं, बाटलीवर लिहिलं, स्वेटरच्या आतल्या पट्टीवर लिहिलं. म्यूरिन. पाळणाघरात नाव नसलेली वस्तू परत येत नाही. लेक रात्रभर खोकली होती. आईचे डोळे चुरचुरत होते.

"मोज्यांवर पण लिही," म्यूरिन म्हणाली.

"कपाळावरच लिहू का तुझ्या?"

फेस्टी शेतकऱ्याच्या वावरात, मेयो परगण्यातल्या ओल्या उतारावर, मध्ययुगीन चर्चचा नुसता पाया उरला होता. पायालगत बाप्तिस्म्याआधी, म्हणजे नाव ठेवण्याआधीच, गेलेली बाळं पुरलेली. वर पांढऱ्या गारगोट्या, खाली काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या बरगड्या. वावरातून रस्ता जाणार, म्हणून उत्खनन करून ती हाडं उचलायची होती; ग्रॉन्याचं कामच ते. ती गुडघ्यांवर बसून कुंचल्यानं माती झाडायची, हाडं पिशवीत ठेवायची, पिशवीवर खड्ड्याचा क्रमांक टाकायची. की पुढचा खड्डा.

फेस्टी किटलीतून चहा घेऊन आला. "आमच्यात यांना हाक मारत नाहीत," तो म्हणाला. "नावच नसतं ना. माझी आई इथून जाताना गाईलासुद्धा हाक मारायची नाही."

"मग गाय घरी कशी यायची?"

"उशिरा."

तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. बाई जपून बोलत होत्या. "तिचे कान एकदा दाखवून घ्या. मघापासून हाका मारतोय, वळूनही बघत नाही. बिस्किटाचा पुडा फोडला की मात्र येते."

"द्या तिला." फोनवर लेकीचा ओळखीचा श्वास आला. "म्यूरिन?"

फोन गप्प.

"ओ," मागच्या खड्ड्यातून आलं. बारीक, झोपेतून उठवल्यासारखं.

फेस्टीच्या हातातली किटली तशीच तिरकी राहिली. चहा गवतात सांडत होता. "कुणाला हाक मारलीस, पोरी?"

ग्रॉन्या पिशव्यांपाशी गेली. सकाळच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या होत्या. शेवटच्या, त्याच मागच्या खड्ड्यातल्या पिशवीवर क्रमांक नव्हता. डब्यावर लिहितात तसं ठळक, तिच्याच अक्षरात: म्यूरिन.

झोप नाही, दुसरं काय. हात आपला सवयीनं चालतो.

तिनं नाव खोडलं. खोडूनही वाचता येत होतं, म्हणून पुन्हा खोडलं. पार काळं होईपर्यंत.

खड्ड्यातून पुन्हा काही आलं नाही.

संध्याकाळी पाळणाघराच्या फाटकाशी आया आपापल्या पोरांना हाका मारत होत्या. लेक घसरगुंडीपाशी पाठमोरी उभी होती. ग्रॉन्यानं हाक मारायला तोंड उघडलं.

आवाज होता. शब्द नव्हता.

ती चालत गेली, खांद्याला हात लावला. लेक वळली. ओठांवर बिस्किटाचा चुरा, गाल गरम नाहीत, खोकला पळालेला. ग्रॉन्यानं तिला घट्ट छातीशी धरलं.

"बाई सगळ्यांना नावानं बोलावतात," लेक तिच्या मानेत पुटपुटली. "मला नुसतं 'बाळ' म्हणतात. मॅमी, तू मला काय म्हणतेस?"