भगवंतरावांचे तीन ठोके

हिवरखेडच्या जिनिंगमध्ये अनुपमा आली ती नेहमीच्याच कामाला. पंख्याच्या बेअरिंगवर चुंबकाचा सेन्सर चिकटवायचा, थरथर मोजायची आणि बिघाड कानावर येण्याआधीच पकडायचा. हा पंखा कापूस ओढायचा. बेअरिंग जाम होऊन ठिणगी उडाली, तर खाली कापूस निवडणाऱ्या तीस बायांना पळायलाही वाट नव्हती.

दुपारचे दोन वाजले होते. पंख्याच्या खोलीत कापसाची धूळ तरंगत होती, सरकीचा तेलकट वास भरून राहिला होता. तिच्या स्क्रीनवरचा थरथरीचा आलेख अगदी साफ होता. ती सेन्सर काढणार, तोच स्क्रीनवर तीन टोकं उठली. थांबली. पुन्हा तीन.

बेअरिंगमधला दोष गोळीचा असो की कड्याचा, त्याची चाल ठरलेली असते. ही चाल कशाशीच जुळेना. तिनं हेडफोन लावला. बेअरिंगवर कोणीतरी लाकडी मुठीनं ठोकत होतं. खोलीत तिच्याशिवाय कोणीच नव्हतं, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"तीन ठोके हाये का, पोरी?" स्क्रीनवरची टोकं पाहून दारातून मनकर्णाबाईंनी विचारलं. निवडणाऱ्या बायांत त्याच थोरल्या. "आमचे हे, भगवंतराव, इथंच फिटर होते. पेचकस बेअरिंगले लावत अन् मूठ कानाले. दोष घावला का त्याच लाकडी मुठीनं तीन ठोके देत. मंग मशीन बंद, कोणी इचारत नव्हतं. पोळ्याले वरीस झालं त्याइले जाऊन..."

"आलेख साफ हाये ना मॅडम? मंग काहून बंद करता?" ती पंखा बंद करायला निघालेली पाहून आत आलेला मालक ओमप्रकाश कुरकुरला. अनुपमानं पंखा थांबवलाच.

बेअरिंग खोललं. बाहेरच्या कड्याला आतून तिळाएवढा खड्डा होता. तो तिच्या यंत्राला अजून पंधरा दिवस तरी दिसला नसता. भीती राहिली बाजूला, त्या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं असं तिला वाटलं. काय कान असेल त्या माणसाचा.

नवं बेअरिंग बसलं, ठोके थांबले, बाया कामाला लागल्या.

मनकर्णाबाई मात्र तिथंच रेंगाळल्या. "याच्यातून बोलले का ते?" म्हणत त्यांनी सेन्सर हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि छातीशी धरला.

स्क्रीनवर तीन टोकं उठली. थांबली. पुन्हा तीन.

अनुपमानं घाईनं स्क्रीनवर हात ठेवला, पण बाईंनी पाहिलं होतं.

"राहू दे, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "त्याइचा कान कधी चुकला नाही... एक फोन लावून दे मले. लेकीले अंजनगावाहून आजच बोलवा लागन."