मधुकाकाचं ‘येतो’

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. खोटं सांगून मला काय मिळणार?

१९८८ चा मे महिना. उल्हासनगर, कॅम्प तीन. दुपारचे अडीच.

आमचा मधुकाका गाड्यांच्या सीटा शिवायचा. राहायला अंबरनाथच्या पुढे कुळगावात, काम उल्हासनगरात. त्या दिवशी गोपशेठच्या गोडाऊनमध्ये एक जुनी अमेरिकन गाडी उभी होती. लांबलचक धूड. शेठने भंगारातून उचलून तिची नवी नवरी केली होती. मोतिया रंग, काळ्या काचा, आत लाल रेक्झीन. दुसऱ्या दिवशी नाशिकचं गिऱ्हाईक येणार होतं आणि मागची सीट तेवढी बाकी होती.

"मधु साईं, शाम तक हो जाना मंगता," म्हणून शेठ जेवायला घरी गेला.

दारांच्या आतल्या मुठी आणि काचा खाली करायची हँडलं क्रोमचा मुलामा द्यायला पाठवली होती. म्हणजे दार लागलं की आतून उघडायची सोय नाही. काका काय येडा नव्हता. त्याने दाराला वीट लावली आणि मागे बसून सुई चालवायला लागला.

शेजारच्या गाळ्यात शिलाई मशीनं धडधडत होती.

मग ती थांबली...

सगळी. एकदम.

काकाने मान वर केली. दार बंद होतं.

वीट त्याच्या पायाशी होती. गाडीच्या आत...

त्याने दार बडवलं, बोंब मारली. बाहेर चिटपाखरू नाही. विटेने काच फोडायला गेला, तर विटेचा भुगा झाला आणि काचेवर ओरखडाही नाही. आत भट्टी पेटलेली. श्वास पुरेना.

तेवढ्यात शेजारची सीट खाली दबली... हळूहळू. कोणीतरी बूड टेकावं तशी.

"बस ना बाबा. घाई काय?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. दिसत कोणीच नव्हतं.

काकाची पार तंतरली. त्याने हात जोडले. "मावशी, पोरं लहान आहेत माझी. जाऊ दे मला."

"समदी असंच म्हनतात. परत कोन येत नाय."

खट्...

दार उघडलं. काका बाहेर पडला आणि तिथेच जीभ घसरली. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत ना. सवयीने तोंडातून गेलं, "येतो हां, मावशी."

आतून कोणीतरी खुदकन हसलं.

"ये. वाट बघते."

गाडी नाशिकला गेली. पण त्या दिवसापासून काकाने ‘येतो’ टाकलं. घरातून निघताना सरळ "जातो" म्हणायचा. आमची गोदूकाकू भडकायची, "दारात उभं राहून असं अभद्र बोलतात का?"

काका म्हणायचा, "एकदा येतो म्हणून बसलोय. तेवढं पुरे."

नव्वद साली कळलं, तीच गाडी कल्याणला विकायला आहे. मागचं दार म्हणे रोज दुपारी आपोआप उघडतं.

त्र्याण्णव साली ती अंबरनाथला आली. हे ऐकून काका ताटावरून उठला.

आणि १९९७ च्या मार्चमध्ये...

कुळगावात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी. रंग उडालेला, काळ्या काचेवर खडूने लिहिलेलं, ‘विकणे आहे’. मागचं दार सताड उघडं. आतली लाल सीट मात्र काकाने कालच शिवल्यासारखी कोरी.

काकाला आम्ही कोणी सांगितलं नाही. दुपारी चहा झाला. तो उठला, चपला घातल्या.

"कुठे निघालात उन्हाचे?" काकूने विचारलं.

काका उंबऱ्यात थांबला. नजर गल्लीच्या तोंडाकडे.

"येतो," तो म्हणाला.

काकू खूश झाली. नऊ वर्षांनी माणसासारखं बोलले, म्हणाली. मी समोर होतो, मला काकाचा चेहरा दिसला. तो आमच्याशी बोलत नव्हता.

संध्याकाळी गाडी तिथे नव्हती. काकाही आला नाही.

काकू अजून त्याच्या नावाचे तांदूळ भांड्यात घालते. येतो म्हणून गेलेत, म्हणते.

मी घरातून निघताना आता काहीच बोलत नाही.