जुलेखाकाकीचा चेडू

जानेवारीतली सकाळ होती. विजयदुर्गच्या बंदरावर पसरलेल्या एका जाळ्याची भोकं मी पट्टीनं मोजत बसले होते, तेवढ्यात जाळं हलकेच सरकलं. वर पाहिलं तर दुसरं टोक हातात धरून एक उंच तरुण उभा.

"मोजून झाला काय, की आता जाळ्यातच बसतलंस?"

"मी सागरी शाश्वततेवर संशोधन करतेय," मी शुद्ध मराठीत म्हणाले.

"जुलेखाकाकीचा चेडू मां तू? जर्मनीत जावन बोली इसारलंस वाटता."

जुलेखाकाकी म्हणजे माझी अम्मी; तिची लेक म्हणून त्यानं मला ओळखलं होतं. तो आदिल. तीन वर्षं मालवाहू जहाजावर नोकरी करून गावी परतलेला, स्वतःची होडी चालवणारा. आणि मी नाझनीन. जर्मनीत एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रबंधासाठी गावी आले होते. वाढ व्हायच्या आधीच किती मासळी जाळ्यात सापडते, याची मला नोंद करायची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या होडीवर जाऊ लागले. तो जाळं ओढायचा, मी लाकडी फळीवर एकेक बांगडा ठेवून लांबी लिहायचे. एकदा त्यानं बांगड्याऐवजी आपला ओला पंजाच फळीवर ठेवला.

"माका धरतलंस काय सोडतलंस, ता सांग."

"मापात बसत नाय," मी वहीत बघत म्हणाले. "अजून वाढूक होया."

तो हसला. खारा वारा सुटला होता, तरी माझे कान तापले... तेव्हापासून मला बोलीतच बोलावंसं वाटू लागलं.

बाराव्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाई आणि दोन वर्गमैत्रिणी जर्मनीहून आल्या. त्यांना मी बाजार दाखवायला नेलं. अम्मी नेहमीच्या जागी आडाळ्याच्या पात्यावर सुरमई कापत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला. पदराला हात पुसत ती उठू लागली.

"या कोण?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

वर्गात मी सगळ्यांना सांगितलं होतं, की माझ्या घरचा मुंबईत जहाजांचा व्यवसाय आहे. अब्बा कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी होते आणि अम्मीनं मासळी विकून मला शिकवलं, हे सांगायला जीभ रेटली नव्हती. आताही रेटली नाही.

"मासे विकणारी बाई," मी म्हणाले. "माझ्या सर्वेक्षणातली."

अम्मीला इंग्रजी येत नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं... आणि अर्धवट उठलेली ती परत खाली बसली.

"मॅडम, काय होया तुमका?" ती मलाच म्हणाली. "सुरमय ताजी आसा."

मागे बर्फाची पाटी घेऊन आदिल उभा होता.

त्या दुपारी अम्मीनं मला जेवायला वाढलं, तिखल्यातला माशाचा मोठा तुकडा माझ्याच ताटात घातला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले. आदिलनं होडी सोडली नव्हती.

"अम्मीक इंग्लिश कळणा नाय," मीच पुटपुटले.

"काकीन तुझा तोंड बघल्यान. तेतूरच कळला तिका." तो दोरखंडाकडे बघत बोलत होता. "उद्या आपला लगीन झाला, तर माका कोण म्हणून सांगतलंस? होडयेवालो?"

लग्नाचा शब्द त्यानं पहिल्यांदाच काढला होता, आणि तो असा. एरवी मी आनंदानं वेडी झाले असते. तेव्हा मान वर करता आली नाही.

मी तशीच बाईंच्या मुक्कामी गेले आणि मैत्रिणींसमोर सगळं सांगितलं. बाईंनी माझी वही उघडली.

"कोणती मासळी कधी अंडी घालते, हे सगळं तू लिहिलंस, ते कुणाकडून कळलं?"

"अम्मीनं सांगितलेलं."

"मग प्रबंधात तिचं नाव हवं. पण माफी माझी मागू नकोस."

आम्ही बाजारात गेलो तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी अम्मीच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले. हात जोडायचे होते, पण तिनं एक सुरमई माझ्या हातात दिली आणि धरायला सांगितली.

"इंग्लिशीत 'माझा चेडू' कसा म्हणतत?"

मी सांगितलं. अम्मीनं बाईंकडे बघून सावकाश, एकेक अक्षर जपून म्हटलं, "माय डॉटर."

मग फक्त मला ऐकू येईल अशी म्हणाली, "काल माका खूप वायट वाटला. ता मी इसरूचंय नाय. पण जेवक येळार ये."

संध्याकाळी आदिल होडीत जाळं रचत होता. मी काठावरच थांबले.

"सांगितलंय तेंका. मगे अम्मीकडे घेवन गेलंय."

"बाजारभर झाला ता."

"आदिल... माका तू होयो आसस. पण लाज वाटता. अम्मीची, तुझी. ती जायत नाय."

त्यानं जाळं खाली ठेवलं आणि माझ्यासाठी हात पुढे केला.

"रवांदे. ती लाज घेवनच चड."

मी त्याचा हात धरला आणि होडीत चढले.