भेगेच्या दोन काठांवर

"डोंगराला राग कशानं येतो रे?"

हे भूगर्भला विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भूगर्भ आमच्याच वर्गातला. त्याची आई ज्वालामुखीच्या वेधशाळेत, म्हणून हे नाव. वर्षभरात तो जेमतेम चार वाक्यं बोलला असेल. पण मी हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नव्हते. विचारलं.

त्यानं मान वर केली. पापण्यांवर बारीक राख...

"राग नाही येत. समुद्राखालचा थर जमिनीखाली सरकतो, सोबत पाणी नेतो. त्या पाण्यानं खोलवरचा तापलेला खडक वितळतो नि वर यायला बघतो."

"मग?"

"मग पोटात साठतो. वाट मिळाली की नळीतून वर, मुखातून बाहेर. राख नि लाव्हा थरावर थर बसले— तोच हा डोंगर."

"म्हणजे सगळं पोटात ठेवणारा. ओळखीचं वाटतंय कुणीतरी."

त्याचे कान लाल झाले. पैज मी जिंकले, पण मैत्रिणींकडे परत जायचं राहूनच गेलं.

मग रोज शाळा सुटली की आम्ही शाळेमागच्या उतारावरची भेग मोजायचो. दोन्ही काठांवर एकेक खिळा. फितीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. भेग रुंदावली की आकडा त्याच्या आईला सांगायचा; गाव कधी रिकामं करायचं ते त्यावरून ठरायचं.

गावातली घरं एकेक रिकामी होत होती. आईबाबांनीही सामान बांधलं होतं. मीच अडून बसले होते— परीक्षेआधी हलणार नाही. परीक्षा कसली डोंबलाची...

त्या दिवशी फीत कालच्या खुणेच्या बरीच पुढे गेली. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"फुगतोय तो. तू जा इथून."

"आणि तू?"

"आई शेवटच्या गाडीनं निघेल, मी तिच्यासोबत. पुढे कुठे पाठवतील... माहीत नाही."

"मग तोवर मीही थांबते."

"नको ना." तो फितीकडेच बघत होता. "तू असलीस की आकडा कमी यावा असं वाटतं. आज मी आईला खोटा आकडा सांगणार होतो— तू जाऊ नयेस म्हणून."

फीत गुंडाळताना बोटाला बोट लागलं. त्यानं काढून घेतलं नाही. मीही नाही.

घरी आई चादरींच्या घड्या घालत होती. बाबा दाराशी उभे, आजही मला काही विचारायचं धाडस न झाल्यासारखे.

"परीक्षा राहू दे," मी म्हटलं. "आपण आजच निघू या."