गेंडा हातगाडीवर चढणार नाही

पैज लागली गुरुवारी संध्याकाळी, पाण्याच्या टाकीखाली, अख्ख्या कॉलनीसमोर. आणि लागली कशावरून? तर एका संगणकाच्या वयावरून!

"सोळा वर्षांचं धूड ते!" डिगेकाका म्हणाले. "त्याच्यावर माझ्या कॅमेऱ्यांचं शूटिंग एडिट करणार? शालनताई, त्यापेक्षा पाट्यावर वाटा की!"

सगळे खो खो हसले. साल होतं २०४३. चौकात डिगेकाकांचं नव्या संगणकांचं दुकान होतं. दर दोन वर्षांनी नवा घ्या, जुना आणून टाका, असा त्यांचा धंदा. कॉलनीतल्या आजी विरुद्ध आजोबा रस्सीखेचीचं शूटिंग त्यांच्याच चार उडत्या कॅमेऱ्यांनी केलं होतं. चित्र इतकं बारीक की डासाचे पाय मोजून घ्यावेत. त्या सामन्याची फिल्म रविवारी टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर दाखवायची होती.

शालनआत्या व्हिडिओ एडिटर. तिच्या संगणकाचं नाव गेंडा, कारण तो तसाच दिसायचा आणि तसाच फुरफुरायचा.

"रविवारी साडेसहाला फिल्म लागेल," आत्या म्हणाली. "गेंड्यावरच केलेली. नाही लागली तर त्याला भंगाराच्या हातगाडीवर घाला. आणि लागली, तर गाडीवर तुम्ही बसायचं. 'भंगाऽऽर' ओरडत कॉलनीभर फेरी!"

"मंजूर! पण धुरकट चालणार नाही हां. कासारआजींच्या नाकातली मोरणी टाकीवर लख्ख दिसली पाहिजे."

"दिसेल."

"आणि पंच म्हणून आमचा टापटीप तुमच्या घरी बसणार."

टापटीप म्हणजे काकांच्या दुकानातला यंत्रमानव. तो लगेच पुढे आला आणि आत्याच्या ओढणीची दोन्ही टोकं समान केली.

आत्याची भाची चैत्रा, वय वर्षं अकरा, हिला मात्र हसू आलं नाही. गेंडा काही शोभेला ठेवलेला नव्हता. लग्नं, बारशी, जाहिराती, सगळी कामं त्याच्यावरच व्हायची. तो गेला तर नवा घ्यायला पैसे नव्हते; आत्याला डिगेकाकांच्याच दुकानात नोकरीला, काउंटरवर उभं राहावं लागणार होतं. 'या, बसा, नवा घ्या' म्हणत. आत्या! जी स्वतःचा मिक्सरसुद्धा स्वतः दुरुस्त करते!

घरी आल्यावर आत्याने शूटिंग चालू केलं. कासारआजींनी दोर धरला. मग चित्र थांबलं. दहा सेकंदांनी आजींची एक भुवई वर गेली. परत थांबलं. गेंड्याचा पंखा बोंबलू लागला आणि पडद्यावर रोजची पाटी आली: 'आपले यंत्र निवृत्तीस पात्र आहे. नवे घ्या.'

आत्याने 'नंतर' वर टिचकी मारली. हे बटण ती गेली आठ वर्षं दाबत होती.

"निष्कर्ष," टापटीप म्हणाला, "काम अशक्य."

"हा शब्द माझ्या घरात येताना चपलांशेजारी काढून ठेवायचा," आत्या म्हणाली. "चैत्रे, डोकं लाव. कालचं लग्न ह्याच गेंड्यावर भुर्रकन पळत होतं. मग आज काय झालं?"

"आज फाइल मोठी आहे?"

"मोठी म्हणजे काय? नीट समजून घे. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आण. हार्ड डिस्क (सगळं कायमचं साठवायची जागा) म्हणजे आपला माळा. रॅम (आत्ता लागणारं हाताशी ठेवायची तात्पुरती जागा) म्हणजे ओटा. आणि प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारा मेंदू) म्हणजे आचारी. यांतलं एक जरी अडलं तरी पंगत उपाशी. तर कोण अडलंय ते आधी बघायचं. न बघता नवं घ्यायला धावतात ती गिऱ्हाइकं डिगेकाकांना फार आवडतात."

तिने तिघांची मापं दाखवणारी खिडकी उघडली. माळा निवांत होता. ओटा अर्धा रिकामा. आचारी मात्र शंभर टक्के घामाघूम!

"व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात साठ चित्रं," आत्या म्हणाली. "जागा वाचावी म्हणून कॅमेरा ती दाबून, गुंडाळून ठेवतो. वळकट्याच समज. दाखवायच्या तर आधी सोडाव्या लागतात. लग्नाच्या वळकट्या लहान होत्या. ह्या हत्तीएवढ्या आहेत, आणि सेकंदाला साठ! आता उपाय काय? मला माहितीये. पण मी सांगणार नाही."

"आत्याऽऽ!"

"मागच्या महिन्यात आपण घरातलं लोखंडी कपाट कसं हलवलं, एवढं आठव."

चैत्राला आठवलं. कपाट उचलायला चार माणसं लागत होती. मग त्यांनी खोलीचा नकाशा काढला आणि कपाटाएवढा कागदाचा तुकडा मापात कापला. तो इथे ठेवला, तिथे ठेवला, खिडकीशी ठेवला. वीस वेळा हलवला. जागा पक्की झाल्यावर खरं कपाट उचललं, एकदाच.

"कागदाचं कपाट!" ती ओरडली. "प्रत्येक चित्रफितीची छोटी नक्कल करायची! काम नकलेवर करायचं, आणि शेवटी नकलेच्या जागी खरी ठेवायची, एकदाच!"

"शाब्बास माझी वाघीण! ह्यालाच प्रॉक्सी म्हणतात (मूळ चित्रफितीची हलकी, धुरकट, कामापुरती नक्कल)."

गेंड्याने रात्रभर चारशे बारा चित्रफितींच्या नकला केल्या. शुक्रवारी सकाळी शूटिंग असं पळालं की टापटीपने दोनदा डोळ्यांच्या दिव्यांची उघडझाप केली. शनिवारपर्यंत दोघींनी कापलं, जोडलं, ढोलकी घातली. रविवारी बारा वाजता फिल्म तयार. आता फक्त मूळ चित्रफिती घेऊन शेवटची फाइल बनवायची. गेंड्याला त्याला साडेपाच तास लागणार होते. साडेसहापर्यंत वेळ पुरत होता.

आत्याने बटण दाबलं. पडदा लालभडक! 'मूळ फाइल सापडत नाही.' चारशे बारा वेळा.

"कोणी हात लावला इथे?" आत्या इतक्या हळू आवाजात बोलली की चैत्राच्या अंगावर काटा आला.

"मी," टापटीप अभिमानाने म्हणाला. "रिकामा बसलो होतो. फोल्डर फार अस्ताव्यस्त होता. मी सगळ्या मूळ चित्रफिती रंगांप्रमाणे लावल्या. लाल लुगडी एका फोल्डरमध्ये, पांढरी धोतरं दुसऱ्यात. नेमकं बारा वाजताच आवरून झालं."

दारात डिगेकाका उभेच होते. "अरेरे! गाडीवाल्याला फोन करू का? का नकलाच लावताय भिंतीवर? मोरणीची तीट झालेली बघायला मजा येईल."

आत्या उठली. तिने काकांच्या हातात चहाचा रिकामा कप दिला, त्यांना दाराबाहेर नेलं आणि दार लावून घेतलं.

"आत्या, आपण कापलेलं सगळं गेलं?" चैत्राचा आवाज रडवेला झाला.

"आपण मूळ चित्रफितीला कात्री लावलीच कधी?"

चैत्राने पडद्याकडे पाहिलं. खरंच की! कापताना मूळ फाइल तसूभरही बदलत नव्हती. मग गेंड्याकडे होतं तरी काय? ती सावकाश म्हणाली, "त्याच्याकडे फक्त यादी आहे. अमुक नावाची चित्रफीत, अमुक फोल्डरमधून घे, तिसऱ्या सेकंदापासून सातव्यापर्यंत दाखव. आपण केलं ते काम म्हणजे ती यादीच. ती शाबूत आहे. फक्त पत्ते चुकलेत!"

"मग?"

"टापटीप, तू नावं बदललीस?"

"छे! नाव बदलणं म्हणजे अव्यवस्था."

"मग चुकलं काय? माणसं तीच, नावं तीच, नुसती घरं बदलली. गेंड्याला सांगायचं, सगळे रंगांचे फोल्डर ज्या मोठ्या फोल्डरमध्ये आहेत तिथे जा आणि नावाने हाका मार!"

तिने तसं केलं. एक लाल चौकोन विझला. मग पाच. मग पन्नास. मग सगळे! टापटीप पुटपुटला, "मी आवरलं आणि हरवलं. याची नोंद घेतो."

"नोंद नंतर. आधी टेबलफॅन धर," आत्या म्हणाली. साडेबारा वाजले होते. गेंडा तापला की जळू नये म्हणून आपोआप वेग कमी करतो, आणि तसं झालं असतं तर संपलंच. तिने त्याची बाजूची पत्र्याची झाकणी काढली, ब्रशने धूळ झाडली. पंच साहेब सहा वाजेपर्यंत पंखा धरून उभे! गेंडा फुरफुरत राहिला. हळू, पण एकदाही न थांबता. सहाला पाच मिनिटं कमी असताना पाटी आली: 'फाइल तयार.' लगेच खालीच दुसरी: 'आपले यंत्र निवृत्तीस पात्र आहे.' चैत्राने आत्याकडे पाहिलं आणि 'नंतर' वर स्वतः टिचकी मारली.

साडेसहाला टाकीवर कासारआजी उमटल्या. प्रत्येक सुरकुती, प्रत्येक केस! आणि नाकात मोरणी, खडा न् खडा चमकणारी. टाळ्या कडाडल्या.

"थांबव गं तिथेच!" खऱ्या कासारआजी खुर्चीतून ओरडल्या. "माझ्या हातांच्या पुढं बघ. दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते?"

चैत्राने चित्र थांबवलं. आजोबांच्या संघाच्या टोकाला डिगेकाका दात-ओठ खात ओढत होते. आणि दोराचं शेपूट त्यांच्या पाठीमागून जाऊन विजेच्या खांबाला बांधलेलं! दोन गाठी, अगदी स्वच्छ. धुरकट नकलांवर काम करताना दोघींना त्या दिसल्याच नव्हत्या!

"म्हणून जिंकलात होय, मेल्यांनो!" सगळ्या आजी एकदम उठल्या.

"कॅमेरे फारच चांगले आहेत हो तुमचे," आत्या गोड आवाजात म्हणाली.

काका हातगाडीवर चढले. टापटीपने त्यांच्या धोतराच्या निऱ्या सारख्या केल्या आणि गाडी ढकलायला घेतली. पोरांचा जथा मागे, ढोलकी पुढे.

"भंगार," काका पुटपुटले.

"मोठ्यानं!" कासारआजी गरजल्या.

"भंगाऽऽर! जुना संगणक, भंगाऽऽर!"

एकानेही काही आणून दिलं नाही. पण दुसऱ्या मजल्यावरून जाधववहिनी ओरडल्या, "काका, गेल्या महिन्यात दिलेला माझा संगणक परत आणा! नक्की काय अडतंय ते मी आधी बघते." मग समोरून तांबोळीचाचा, "आमचापण!" मग तिसरी खिडकी, चौथी.

चैत्राने खिशातून कागद काढला आणि गाडीबरोबर पळत पळत नावं लिहून घेऊ लागली. सोमवारपासून शाळेनंतर तिला भरपूर झाकण्या उघडायच्या होत्या.

"भंगाऽऽर!" काका ओरडतच होते. अजून अर्धी कॉलनी बाकी होती.