रिठावरची चूल

शेतातली बाकी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, कमरेला लागत होती. ही झाडे मात्र वीतभर बुटकी होती.

जयवंताने हाताने मोजले. बुटक्या झाडांच्या चार रेघा. नऊ हात लांब, सहा हात रुंद असा चौकोन. पूर्वेच्या रेघेत दोन हातांची जागा तेवढी सुटलेली. तिथली झाडे पुन्हा पुरती उंच.

मातीखाली भिंती... आणि दार.

हे घडलेले आहे. जयवंता माझ्या आजीची आजी. आजीने हे तिच्याच तोंडून ऐकले आणि सांगताना कधी एक शब्द बदलला नाही. साल १८६४, कार्तिक महिना. जयवंताच्या वलगावपासून तीन कोसांवरची रीठ.

रीठ म्हणजे उजाड गावाची जागा. हे गाव साठ वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ओस पडलेले. आता कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. पडीक रानही कोणी सोडत नव्हते. पाटलाने सांगितले होते, सरकारी मोजणीवाले यायच्या आत जो रिठावर घर बांधून चूल पेटवील, रान त्याच्या नावे लागेल. उभ्या पिकासकट.

घर बांधणार जयवंताचा नवरा, खुशालराव; पीकही त्यानेच पेरलेले. चुलीची जागा दाखवायची घरच्या बाईने, ही रीत.

जयवंता रोज म्हणे, "उद्या पाहू."

कारण रोज पहाटे तिला जात्याची घरघर ऐकू येई.

दोघे राखणीला शेतातल्या खोपीत निजत. आसपास कोसभर घर नव्हते. तिचे स्वतःचे जाते अजून वलगावलाच होते...

आणि सकाळी त्या दारापाशी झाडांवर दव नसे. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच नसे. लुगडे घासून कोणी बाहेर गेल्यासारखे.

"परवा मोजणीवाले येऊन राहिले," खुशालराव चिडला. "जागा सांगतं, का तुयं भूत उतरवाले रिद्धपूरचे महंत बोलावू?"

"तुमाले जातं आयकू येत नाई?"

"मले तं तुयंच तोंड आयकू येते!"

त्याने कुदळ उचलली आणि चौकोनाच्या मधोमध घातली. हातभर खाली ती खणकन वाजली.

तीन दगड. चुलीसारखे मांडलेले. मधे राख.

त्याने राखेत हात घातला... आणि झटकन मागे घेतला.

जयवंता खाली बसली. आधी दगडाबाहेरची माती चाचपली. गार. मग राख.

कोमट.

ऊन अजून तिथवर पोचले नव्हते. साठ वर्षांची राख ऊब धरत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

मग तिच्या ध्यानात आले... आज पहाटे जाते वाजलेच नव्हते.

दळण संपले होते.

"बुजवून टाकू," खुशालराव म्हणाला. "कोणाले सांगू नोको. घर नाई झालं तं सारा कापूस जाते, अवं!"

तिने दोन्ही हातांनी राखेवर माती लोटली, हळूच, झोपलेल्याला पांघरूण घालावे तशी. पदराला हात पुसले.

"चुलीची जागा इचारत होते ना तुमी?" ती म्हणाली. "आपली चूल वलगावले. ह्या घरची बाई घरातच हाय."