नावाची रिकामी जागा

आधीच सांगतो, यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

आमच्या चौकातल्या बाकावरचे म्हातारेसुद्धा ठेवत नाहीत, आणि त्यांनी माझी उडणाऱ्या मेंढीची गोष्ट मुकाट्यानं गिळली होती. पण ही गोष्ट खरी आहे. समोर माझी बायको बुरुल चहा ओततेय, तिच्यादेखत सांगतो.

बिश्केक. आठवा मायक्रोरायन, म्हणजे आठव्या नंबरची वसाहत, चौथा मजला. मार्चमधला गुरुवार.

आणि रात्र नाही हं… भर दुपारचे अडीच वाजले होते.

सेझिम माझ्या बहिणीची मुलगी. लग्नांत गाते, संगणकावर गाणी बनवते. तिच्याकडे सॅम्पलर म्हणून एक करामत आहे. आवाजाचा तुकडा त्यात टाकायचा आणि गोल गोल फिरवत ठेवायचा. चार सेकंदांचा हुंदका चार तास चालतो.

तिनं माझी एक जुनी टेप घेतली. मी रेडिओवर आवाज टिपायचं काम करायचो, तेव्हाची. कोचकोर गावच्या शारबूबू नावाच्या बाईचा कोशोक होता त्यात. म्हणजे मेलेल्यासाठी किर्गीझमध्ये गातात तो विलाप. तिचा एकुलता एक मुलगा घोड्यावरून पडून गेला होता.

"उठ ना रे, घोडा खोळंबलाय… एर्मेक!"

प्रत्येक ओळीला तेच. शेवटी लेकाचं नाव.

तेव्हा टिपून झाल्यावर मी यंत्र बंद केलं, तशी शारबूबूनं माझं मनगट धरलं.

"वाजव खुशाल. पण माझ्या एर्मेकचं नाव तोडू नकोस. नाव तोडलंस, तर हे रडणं दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं होईल. कुणाच्या, ते मी बघेन."

पुढच्याच हिवाळ्यात ती गेली.

आणि आमच्या पोरीनं काय करावं? शनिवारी एका लग्नात नवरी आत येताना वाजवायला धून हवी होती. लग्नात मेलेल्याचं नाव कसं चालेल? तिनं ते बरोब्बर हेरलं… आणि कापलं.

"उठ ना रे, घोडा खोळंबलाय…"

पुढे रिकामी जागा. मग पुन्हा तेच.

"तायाके, कसं वाटतंय?" मामाला आमच्यात तायाके म्हणतात.

"झकास," मी म्हटलं. माझ्या तोंडात बोर्सोक होता.

"बोर्सोक?" बुरुल मध्येच. "अहो, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय ना?"

गप गं. भूत यायचंय अजून.

तर सेझिमनं त्या रिकाम्या जागेत ढोलाचा एक ठोका टाकला.

वाजला नाही.

इतर सगळीकडे वाजत होता. फक्त तिथे… नाही.

तिनं बाकीचे आवाज बंद केले. कान दिला.

त्या रिकाम्या जागेत कुणीतरी श्वास घेतला…

पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. तिथे ती सपाट हवी होती. तिच्यावर बारीकसा उंचवटा आला होता. सेझिमनं तो पुसला. फेरा फिरून आला, उंचवटा मोठा झालेला.

"से…"

पुन्हा फेरा.

"उठ ना रे, घोडा खोळंबलाय… सेझिम!"

पोरगी किंचाळली. म्हणजे तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

मी वायर उपटली. पडदा काळा झाला.

टेबलावर तिचे हेडफोन पडले होते. कशालाच जोडलेले नव्हते. त्यातून बारीक आवाजात चालूच होतं… "सेझिम!… सेझिम!…"

डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे. पण शुक्रवारी तिचे हात गार पडले. शनिवारी ओठ निळे झाले. आमच्यात माणसाला तिसऱ्या दिवशी माती देतात. कोशोक त्याआधीच सुरू होतो. पोरीचा तर सुरू झाला होता.

मी तिला गाडीत घातलं आणि कोचकोर गाठलं.

शारबूबूच्या पुतणीच्या अंगणात कढई चढवून बोर्सोक तळले. आमच्यात म्हणतात, तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो. मग कबरीशी गेलो. सेझिम गुडघ्यांवर बसली. आवाज नव्हताच, ओठ तेवढे हलत होते. चुकलं माझं. चुकलं माझं.

वारा थांबला.

परतताना बोओमच्या खिंडीत मागून घोगरा आवाज आला, "तायाके, गाडी थांबव. मळमळतंय." आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नाही मी!

घरी येऊन तुकडा पुन्हा लावला. सेझिमचं नाव गेलं होतं.

पण एर्मेकचंही परत आलेलं नव्हतं.

"उठ ना रे, घोडा खोळंबलाय…" आणि पुढे नुसता श्वास. कुणीतरी नाव विचारून थांबल्यासारखा…

तो तुकडा पुसला जात नाही. अजूनही आहे.

बुरुलनं किटली खाली ठेवली.

"अहो, एक विचारू? सेझिमला किर्गीझ येतं कुठे? जन्मभर रशियन बोलली ती. परवा माझ्याकडे मीठ मागितलं ते बोट दाखवून. त्या रडण्यात घोडा कुठला आणि एर्मेक कुठला, तिला काय कळणार? नसलेल्या चुकीची माफी मागून आली बिचारी."

मी चहा फुंकत राहिलो. गारच होता तो.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. बेचाळीस वर्षं हिनं 'अहो'वर भागवलं. आज घेतलं. तेही खणखणीत, थेट कोचकोरपर्यंत ऐकू जाईल असं.

"मग नाव कुणी कापलं… ओस्मोनकुल?"